१५ चा पंखा काढला, १३ चा लावला आणि बोट पळायला लागली: आठ महिन्यांचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये बोट दिवाळ्याला पाण्यात उतरवली, परवा पावसाआधी वर ओढली, म्हणजे आठ महिने धरा. १६ फुटी फायबरची ओपन बोट, मागे यामाहाचं ६० एचपी फोर-स्ट्रोक, मी आणि दोन चुलत भाऊ असे तिघांत मिळून घेतलेली. रविवारी बेलापूरवरून खाडीतनं खाली घारापुरीच्या बाजूला जायचं, कधी अटल सेतूखालनं चक्कर मारायची, एवढाच आमचा वापर. पण घेतानाच ठरलेलं की बोट पळाली पाहिजे, नुसती रांगायला नको.

ज्याच्याकडनं घेतली त्याने इंजिनावर १५ पिचचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर) लावून दिला होता, आणि वर सांगितलं की पिच जास्त म्हणजे स्पीड जास्त. ऐकायला बरोबर वाटतं ना? पिच म्हणजे पंखा एक पूर्ण फेरी फिरला की पाणी सरकलं नाही असं धरून बोट किती इंच पुढे जाईल तो आकडा, मग १५ वाला १३ पेक्षा पुढेच नेणार. आम्हीही मान डोलावली आणि पैसे दिले.

पहिल्याच दिवशी लोचा कळला पण मान्य करायला दोन महिने गेले. थ्रॉटल पूर्ण दाबला तरी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ५००० च्या वर जाईना, चौघं बसले की ४७००. बोट नाक वर करून बराच वेळ पाणी ढकलत बसायची, प्लेनवर (पाणी न ढकलता वर उचलून पाण्यावरनं सरकणं) यायलाच तयार नाही, मागे बसलेल्याला पुढचं काही दिसायचं नाही. जीपीएसवर २४ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४४ किलोमीटर. ६० एचपीला हे कमीच. मग इंजिनाचं मॅन्युअल उघडलं (हे आधी करायला हवं होतं, माहितीये) तर फुल थ्रॉटलची रेंज ५००० ते ६०००. म्हणजे आमचं मशीन हलक्या वजनातच रेंजच्या तळाला लोंबकळत होतं आणि माणसं बसली की खाली जात होतं. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी रेमटवावी तसं. असं सतत चालवलं तर इंजिनाची वाट लागते, लोड जास्त आणि फिरणं कमी.

जेटीवर जाळं शिवत बसणारे एक काका आहेत, त्यांनी मॅन्युअल न बघताच सांगितलं होतं, "पोरा, मशीन दमतेय तुझी, पंखा हलका कर." मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

हिशोब सोपा आहे, एकदा समजून घ्या म्हणजे कुणी गंडवणार नाही. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, आलं ते उत्तर नॉटमध्ये. आमचा गिअर रेशो १.८५, म्हणजे इंजिनाच्या १.८५ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी. तर ५००० गुणिले १५ केलं की कागदावर ३३ च्या वर नॉट येतात आणि जीपीएसवर २४, मधला फरक म्हणजे स्लिप, जवळजवळ २८ टक्के. थोडी स्लिप असणारच, त्याशिवाय पंखा ढकलणार कसा, पण अशा हलक्या बोटीला ती १५ टक्क्यांच्या आसपास आली की सेटअप जमला म्हणायचं. आणि एक, पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, आमच्याकडे तर त्याहून जास्त वाढले.

जानेवारीत १३ चा घेतला, अ‍ॅल्युमिनियमचाच. बदलताना मोठा शहाणपणा केला, सुकतीला बोट चिखलावर बसलेली असताना बदलायला घेतलं. कॉटर पिन काढली, नट काढला, वॉशर काढला, पंखा ओढला आणि त्याच्यामागचा थ्रस्ट वॉशर शाफ्टवरनं घसरून थेट गाळात. गुडघाभर चिखल, तिघं जण अर्धा तास हात घालून शोधतोय, शिंपले सापडले, कुणाची तरी चप्पल सापडली, वॉशर नाही. त्याच्याशिवाय पंखा लावायचा नसतो, सगळा धक्का त्याच्यावर येतो. नवीन येईपर्यंत दोन रविवार गेले. तेव्हापासून खाली ताडपत्री अंथरल्याशिवाय नटला हात लावत नाही.

पण काढला ते बरंच झालं. पंख्यामागे शाफ्टला तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला निघाला, वितळून पार कडक झालेला, आणि गिअरमध्ये पाणी जाऊ न देणाऱ्या सीलच्या ओठाला घासत होता. घरी गिअर ऑइल काढून बघितलं तर ताकासारखं पांढरं, म्हणजे पाणी आत गेलेलं. सील बदललं, ऑइल बदललं, वाचलो. आपल्या खाडीत चालवणाऱ्याने दर महिन्याला पंखा काढून मागे बघावं, शाफ्टला ग्रीस लावून परत बसवावा, नाहीतर खाऱ्या पाण्यात तो असा जाम होतो की हातोडा घ्यावा लागतो.

१३ लावल्यावर दोघांत आरपीएम ५७००, स्पीड साडेसव्वीस. कमी पिच आणि जास्त स्पीड, भावाला पटेना, त्याने तीनदा चालवून बघितलं. आणि मोजताना एकदा भरतीकडे, एकदा ओहोटीकडे असं दोन्ही दिशेने पळवून सरासरी काढा, उधाणाला खाडीचा ओढा इतका असतो की एकाच दिशेने मोजलं तर नुसती स्वतःची फसवणूक.

खरी मजा त्यानंतर आली, इंजिनाची उंची. ट्रान्समला, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीला, इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटला वरखाली भोकं असतात, एक भोक म्हणजे पाऊण इंच, १९ मिलिमीटर धरा. आमचं इंजिन सगळ्यात खाली बसवलेलं, बोट पळताना पंख्यावरची आडवी प्लेट (सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, खरं तर ती वरनं हवा ओढू नये म्हणून असते, कॅव्हिटेशन वेगळं, त्यात दाब कमी होऊन पाणीच उकळतं) पाण्यात बुडालेली राहायची आणि खालचा सगळा दांडा ब्रेकसारखा ओढ लावायचा. एक भोक वर घेतलं, ५८५० आणि सव्वाअठ्ठावीस नॉट. फुकटात पावणेदोन नॉट! मग हाव सुटली, अजून एक भोक वर. सरळ जाताना मस्त, पण वळण घेतलं की पंखा हवा खायचा, आरपीएम एकदम वर, इंजिन ओरडतंय आणि बोट मात्र जागेवर बसतेय. वर इंजिनामागून जी पाण्याची धार पडते ती पण बारीक झाली. ती धार म्हणजे कूलिंग चालू असल्याची खूण, तिच्याशी खेळायचं नाही. गुपचूप एक भोक खाली आलो.

मार्चमध्ये १४ चा स्टेनलेस घेतला, अ‍ॅल्युमिनियमच्या चौपट पैसे मोजून. पातळ आणि न वाकणारी पाती, त्यामुळे ५६०० ला जवळपास ३० नॉट आणि वळणात पकड घट्ट. घारापुरीच्या पुढच्या मोकळ्या पाण्यात तो लावला की मन भरतं. पण वाशी, ऐरोलीच्या बाजूला तो लावून मी जाणार नाही. तिकडे ओहोटीला कुठे गाळ वर येईल, कुठे जाळ्यांचा जुना खुंट असेल काही नेम नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं, पण मार स्वतः खातं. स्टेनलेस वाकत नाही, मग तो ठोका आत शाफ्ट-गिअरपर्यंत पोचू शकतो, मधलं रबरी हब थोडं सांभाळतं पण किती. तसंही तिकडे फ्लेमिंगोंचं अभयारण्य, आता रामसर साइट (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा), तिथे बोट पळवायचीच नसते, मग ३० नॉटचा पंखा हवाय कशाला.

ट्रिमचं, म्हणजे इंजिन किती तिरकं ठेवायचं त्याचं, थोडक्यात सांगतो. प्लेनवर आल्यावर इंजिनाचा खालचा भाग हळूहळू बोटीपासून बाहेर कलवा, स्पीड वाढतो, नाक वरखाली आपटायला लागलं की थोडं आत घ्या. आमची बोट जास्तच आपटायची म्हणून बॅटरी आणि २५ लिटरची टाकी पुढे सरकवली, निम्मा त्रास गेला. तळाला खरखरीत कवचं चिकटली की मात्र कुठलाच पंखा कामाचा नाही, एप्रिलमध्ये सहा आठवडे घासली नव्हती तर तीन नॉट गेले आणि आम्ही इंजिनाला शिव्या देत बसलेलो. आणि हो, किल स्विचची (दोरी ओढली गेली की इंजिन बंद करणारा) लाल दोरी हाताला बांधा, ३० नॉटला माणूस पडला तर चालू पंख्याची बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

रोजचा १३ च राहणार, स्टेनलेस १४ डब्यात, सोबत एक जादा नट, दोन थ्रस्ट वॉशर आणि मूठभर कॉटर पिना. १५ चा पंखा सध्या सानपाड्याला घराच्या दाराला अडण म्हणून लावलाय. कुणाला हवा असेल तर देतो, पण आधी फुल थ्रॉटलला तुमचा आरपीएम किती येतो ते सांगा.