एकिनेशिया: बी पेरावं की फुटवा काढावा?

उत्तर अमेरिकेच्या माळरानावरचं हे फूल कोकणात आणलं की पहिलं भांडण पावसाशी. पाणी साचलं की गड्डा कुजतो. म्हणून दोन्ही वाटांना कुंडीच बरी: जांभ्याची खडी, वाळू, थोडं शेणखत, आणि पावसाळ्यात पागोळीपासून लांब.

बी स्वस्त पडतं. ओलसर वाळूत मिसळून ४ आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं (डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर कुणीतरी मोहरी म्हणून फोडणीला घालेल), मग पाऊस ओसरल्यावर पेरायचं. पण संकरित झाडाचं बी आईवर जाईलच असं नाही. केशरी फुलाच्या पोटी गुलाबी रोपंही निघतात. भरगच्च पाकळ्यांच्या जातींत तर बी धरणंच कठीण.

फुटव्याला तोच रंग, तोच बांधा. परप्युरिया या एकिनेशियाच्या प्रजातीची मुळं तंतुमय, त्यामुळे भरलेला गड्डा दसऱ्यानंतर सुरीने कापता येतो; प्रत्येक तुकड्याला डोळा आणि मुळं हवीत. पिवळा-केशरी रंग देणाऱ्या पॅराडोक्सा या दुसऱ्या प्रजातीचं मात्र सोटमूळ, ते असं कापणं सहन करत नाही.

मी आवडत्या रंगासाठी फुटवाच काढते. बी पेरते ते निव्वळ काय निघतंय या उत्सुकतेपोटी.