आधी बीनबॅग घ्यावी की मोनोपॉड?

मोठी लेन्स घेतली की पहिला महिना नवलाईत जातो. दुसऱ्या महिन्यात खांदा बोलायला लागतो. माझी १५०-६०० मिमीची झूम आणि बॉडी मिळून तीन किलोच्या आसपास भरतात. दुकानात हे वजन काहीच वाटत नाही. ताडोब्याच्या मोहर्ली गेटमधून आत शिरून अडीच तास झालेत, वानराचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा) आलाय आणि लेन्स डोळ्याला लावून दहा मिनिटं उभं राहायची वेळ आलीय, तेव्हा ते कळतं. आधार हवा यात वाद नाही. कुठला, एवढाच प्रश्न: एका पायाचा मोनोपॉड, की लेन्सखाली टाकायची दाणे भरलेली पिशवी, म्हणजे बीनबॅग?

ट्रायपॉडला मी या भांडणातून आधीच बाहेर काढतो. धबधब्याचं पाणी अर्ध्या सेकंदावर मऊ करायचं असेल, सूर्य उगवण्याआधीचा निळा उजेड धरायचा असेल, तर ट्रायपॉडला पर्याय नाही. (जवळजवळ नाही. त्यावर पुढे येतो.) पण सहा पर्यटक, गाइड आणि चालक बसलेल्या उघड्या जिप्सीत त्याचे तीन पाय पसरायचे कुठे? एकाने प्रयत्न केलेला मी पाहिलाय. उरलेल्या पाच जणांनी सकाळभर त्याच्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

राहिले दोन. मी दोन्ही घेतले, पण उलट्या क्रमाने. तुम्ही अजून पैसे मोजले नसतील तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. तुमची पाठ, तुमची लेन्स आणि तुमचं जंगल वेगळं असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच कबूल.

मोनोपॉड मी का घेतला ते सांगतो, कारण ते कारण आजही खोटं नाही. माझी सुरुवात पायी भटकण्यातून झाली. पुण्याची मंडळी रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात पक्षी बघायला जातात, तसा मीही जायचो. तिथे ना गाडी, ना कठडा. स्वर्गीय नर्तक पाण्यावर येईल म्हणून एका जागी वीस-वीस मिनिटं उभं राहायचं. अशा वेळी लेन्सचा भार जमिनीवर उतरवणारा एक पाय म्हणजे खरंच देवमाणूस. चढावर त्याची काठी होते. ओढा ओलांडताना पाणी किती खोल आहे ते बघता येतं. कुत्री मागे लागली तर नुसता दाखवला तरी पुरतो. उडत्या पक्ष्यामागे लेन्स फिरवायची तरी मोनोपॉडवर ती लोण्यासारखी फिरते. बीनबॅगवर तसं होत नाही, लेन्स दाण्यांत रुतते आणि झटके देत सरकते. मोनोपॉडची ही बाजू मी कधीच नाकारणार नाही.

मग मी तो ताडोब्यात नेला.

आता जी गोष्ट सांगतोय ती कुणाला क्षुल्लक वाटेल. मला तीच नडली. मोनोपॉडला उंची असते आणि ती तुम्हाला ठरवावी लागते. बसलेले असताना वेगळी, उभे असताना वेगळी. सीटवर गुडघा टेकवून मागे वळलात की तिसरीच. ओढ्याकाठी ती सकाळी एकदा लावली की दुपारपर्यंत बघायला नको. जिप्सीत दर पाच मिनिटांनी तुमची उंची बदलते, कारण कॉल आला की सगळे उभे राहतात, गाडी निघाली की सगळे बसतात. माझ्या मोनोपॉडला पिळाची लॉकं होती. उभं राहायचं तर दोन सांधे पिळून सैल करायचे, खेचायचे, पुन्हा आवळायचे. चैत्रातला फुफाटा तोवर सांध्यात शिरलेला, त्यामुळे पिळताना कचकच आवाज. घाईत आवळलेलं लॉक पुरतं आवळलं जात नाही. मग तीन किलोंच्या भाराखाली तो सांधा हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली बसत जातो.

त्या दिवशी असंच झालं. चितळाचे कॉल डावीकडून येत होते म्हणून मी डावीकडे तोंड करून बसलेला. वाघीण उजवीकडच्या बांबूतून बाहेर पडली आणि आमच्या पुढून रस्ता ओलांडायला लागली. सगळी गाडी उभी राहिली. मी मोनोपॉडचा पाय शेजारच्या काकांच्या चपलेवरून उचलला, वळलो, एक सांधा सोडला, खेचला, आवळला, डोळा लावला. चौकटीत फक्त रस्ता. वर उचललं, वाघीण सापडली, बटण दाबलं, आणि आठ-दहा फोटोंची मालिका होईपर्यंत सांधा बोटभर खाली सरकला. घरी येऊन पाहिलं. पहिल्या फोटोत वाघीण पूर्ण आहे पण हललेली. दुसऱ्यात कान कापलेत. पुढच्यांमध्ये वाघिणीचे चार पाय आहेत, उत्तम शार्प. “बसून घ्या जी, आता नाही येत ते परत,” असं चालक म्हणाला तेव्हा मी अजून तो सांधाच आवळत होतो.

खटक्याची लॉकं असलेला मोनोपॉड घेतला असता तर हे टळलं असतं का? थोडंफार, हो. नंतर मित्राचा तसा मोनोपॉड वापरून पाहिला, वेळ निम्मा लागतो. पण निम्मा वेळ हाही वेळच, आणि रस्ता ओलांडायला वाघाला फार लागत नाही. काही जण सांधे न सोडता मोनोपॉडचा पाय सीटवर किंवा कमरेच्या पट्ट्यात टेकवतात. त्यांना ते जमतं. मला जमलं नाही.

बीनबॅगला उंची नसते. जिप्सीच्या कडेच्या लोखंडी नळीवर टाकली की झालं. गाडी चालताना मांडीवर घ्यायची, थांबली की नळीवर. बाजू बदलायची तर उचलून पलीकडे. हे दोन सेकंदांत होतं आणि विचार करावा लागत नाही. माझ्या मते खरा फरक त्या विचार न करण्यात आहे. त्याची किंमत कंबर मोजते, कारण नळी आहे तिथेच राहते, वाकायचं तुम्हाला. उंच माणसांची यावर तक्रार असते आणि ती रास्त आहे. वाघ नाकासमोर रस्त्यावरून चालत आला तर मध्ये चालकाचं आणि गाइडचं डोकं येतं, तिथे बीनबॅग काही कामाची नाही. सरळ हातात धरून काढायचे.

स्थिरतेचं म्हणाल तर मी काही प्रयोगशाळा मांडलेली नाही. घरी आल्यावर किती फोटो उडवावे लागतात, हेच माझं मोजमाप. ६०० वर नुसत्या हाताने १/५०० सेकंदाच्या शटरखाली गेलो की दहातले सहा-सात हलतात. मोनोपॉडवर १/२०० पर्यंत निभतं. बीनबॅगवर पाण्यात बसलेल्या वाघिणीचे १/१०० चे फोटो मिशीच्या केसापर्यंत धारदार आलेत. एक अट मात्र आहे, इंजिन बंद हवं. चालू गाडीची थरथर नळीतून थेट दाण्यांत आणि दाण्यांतून लेन्समध्ये उतरते. “भाऊ, गाडी बंद करा ना,” हे वाक्य सफारी सुरू होण्याआधीच बोलून ठेवावं, ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही. आणि लेन्सची कॉलर (लेन्सभोवतीची कडी, जिच्या पायाला स्टँड लावतात) फिरवून तिचा पाय वरच्या बाजूला घ्या. खाली राहिला तर लेन्सऐवजी तोच पिशवीत रुततो आणि सगळं डगमगतं.

आता भरायचं काय? यावर जितके फोटोग्राफर तितकी मतं. थर्माकोलचे गोळे हलके, प्रवासाला बरे, पण लेन्स त्यांच्यावर तरंगल्यासारखी वाटते. राजमा छान बसतो, पण खडखडतो. मोहरी आणि ज्वारी पाण्यासारखी पसरते, लेन्सला अगदी मिठी मारते, आणि एवढ्यासाठी मी दोन वर्षं ज्वारी वापरली. मग एकदा गाडीतच चेन उसवली. गाइड काही बोलला नाही. गाडी थांबली तशी त्याने फक्त हात पुढे केला आणि आम्ही तळातले, सीटच्या फटीतले दाणे वेचून त्याच्या ओंजळीत देत राहिलो. जंगलात ज्वारी सांडली तर ती उगवते, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. तेव्हापासून तांदूळ. पॉलिश केलेला तांदूळ उगवत नाही. विकतची रिकामी पिशवी घेऊन निघायचं किंवा, मी केलं तसं, जुन्या जीन्सचा गुडघ्याखालचा पाय कापून शिंप्याकडून दोन्ही तोंडं शिवून घ्यायची, एका बाजूला चेन. चंद्रपूरला उतरल्यावर किराणा दुकानातून दोन-अडीच किलो स्वस्तातला तांदूळ घ्यायचा. कणी घेऊ नका, शिवणीतून गळते. परतताना तो तांदूळ मुक्कामाच्या ठिकाणी देऊन टाकायचा. मी एकदा कंजूषपणे घरी आणला, माळ्यावर ठेवला आणि विसरलो. पुढच्या हिवाळ्यात पिशवी उघडली तर आत पोरकिड्यांचं संमेलन भरलेलं. आई म्हणाली, “जंगल बघायला जातोस, ते घरी कशाला आणलंस?”

भिगवणला तर दोघांत तुलनाच करू नये. उजनी धरणाच्या फुगवट्यात पहाटे होडी निघते. रोहित (फ्लेमिंगो) दिसले की होडीवाले इंजिन बंद करून बांबूने रेटत नेतात. मोनोपॉडचा पाय होडीच्या तळाशी टेकला की प्रत्येक हेलकावा जसाच्या तसा वर येतो, आणि उभं राहिलं तर होडीवाले दादा “बसा, बसा” करतात. काठावर बीनबॅग टाकून लेन्स जवळजवळ पाण्याच्या पातळीवर आणली की मागचं पाणी विरघळून जातं आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस) तुमच्याकडे समोरासमोर बघतो. उंचावरून घेतलेल्या फोटोत ही गंमत नाही. फक्त पिशवीखाली प्लास्टिक घाला.

पाण्यावरून आठवलं, बीनबॅगचा खरा शत्रू पाऊस. कासच्या पठारावर सप्टेंबरात गेलो होतो. बोटभर उंचीच्या फुलांशी डोळा भिडवायचा तर मोनोपॉड काही कामाचा नव्हता, वाटेवर पिशवी टाकून पालथा पडलो आणि सोनकीचे फोटो फार सुंदर आले. मग पाऊस आला. ओली पिशवी गाडीच्या डिकीत टाकली ती दोन दिवस तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी डिकी उघडल्यावर आंबोळीच्या पिठाचा वास. तांदूळ फुगून शिवण ताणलेली. आता पावसाळ्यात आत आधी जाड प्लास्टिकची पिशवी असते.

आणि ट्रायपॉडबद्दल ते “जवळजवळ” म्हणालो होतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी रात्री ताऱ्यांचे फोटो काढायला बसलो होतो. याच कड्यावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इंद्रवज्र (खालच्या धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) पाहिल्याची नोंद आहे. आम्हाला वर्षानुवर्षं फक्त वारा दिसतो. कड्याखालून उसळणारा तो वारा माझ्या हलक्या ट्रायपॉडला वीस सेकंदही सुखाने उभं राहू देईना. शेवटी पिशवी कातळावर ठेवली, त्यात कॅमेरा आभाळाकडे तोंड करून रुतवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि हात काढून घेतला. तारे टिपके आले, रेघोट्या नाही. चौकट हवी तशी जुळवता येत नाही, कातळ जिथे आहे तिथलाच फोटो मिळतो, हे खरं. पण तीन दिवसांच्या भटकंतीत एकच वस्तू न्यायची असती तर मी काय उचललं असतं, ते मला त्या रात्री कळलं. अर्थात गड चढताना दोन किलो तांदूळ पाठीवर होता हेही सांगितलं पाहिजे. तो दुसऱ्या दिवशी खिचडीत गेला.

तुमची भटकंती मुख्यतः पायी असेल, पाखरांसाठी ओढे-माळ तुडवत असाल, तर मोनोपॉडच घ्या. फक्त खटक्याच्या लॉकचा, आणि लॉक धुळीच्या हातांनी उघडून बघा. गाडी आणि होडी हेच जास्त असेल, किंवा अजून काही ठरत नसेल, तर मी तरी आधी शिंप्याकडे जाईन. जीन्सचा पाय फुकट, शिलाई किरकोळ. जमलं नाही तर नुकसान एका पँटचं, आणि ती तशीही फाटलेलीच होती.

मोनोपॉड मी विकला नाही. तो गाडीत असतो, आणि सिंहगडाच्या ओढ्याला अजूनही येतो. पिळायची वेळ येऊ नये म्हणून माझ्या उभ्या उंचीवर त्याच्या सांध्यांना इन्शुलेशन टेप गुंडाळून टाकलाय.

बीनबॅग घेतलीत तर पाऊणच भरा. गच्च भरलेल्या पिशवीवरून लेन्स घरंगळते. माझी घरंगळली होती, काकांच्या मांडीवर. त्याच काकांच्या, ज्यांच्या चपलेवर मोनोपॉड होता.