जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार दुरुस्त करून वाजवली: झाडीपट्टीच्या सीझननंतर आणि एका उन्हाळ्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांत वाजवतो. गिटार सुरात राहते, आवाजाला स्वतःची ओळख आहे आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकात, पहाटे चार वाजताही दगा देत नाही. तरी नुकतंच शिकायला लागला असाल तर हिच्या वाटेला जाऊ नका. दुरुस्तीला गेलेल्या पैशात थोडी भर घातली असती तर दुकानातून नवीकोरी, बऱ्यापैकी गिटार आली असती, वॉरंटीसकट.

गिटार १९६०च्या दशकातली. हेडस्टॉकवरची (चाव्या असतात त्या टोकावरची) नावाची पट्टी केव्हाच गळून गेलेली. नेकच्या (मानेच्या) मागच्या पत्र्यावर इंग्रजीत 'स्टील रिइन्फोर्स्ड नेक, मेड इन जपान' एवढंच कोरलेलं. रूप टाईस्को कंपनीच्या घराण्यातलं: सोनेरी वर्खाचे दोन पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारी चुंबकावरची वेटोळी), खटक्याचे स्विच, नटला (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीला) लागूनच झिरो फ्रेट, म्हणजे मोकळ्या तारा जिच्यावर टेकतात ती जादा फ्रेट. टाईस्को १९४६ साली टोकियोत सुरू झाली, १९६७ मध्ये कावाईने ती घेतली. त्या काळी एकाच कारखान्यातून निघालेल्या गिटारी वेगवेगळ्या नावांनी विकल्या जायच्या, म्हणून पट्टीपेक्षा पिकअप बघावेत. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये असला सोनेरी पिकअप बसवल्यापासून त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे.

मला माझी गिटार गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या एका काकांकडून मिळाली. ते पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता फक्त कीबोर्ड. किंमत विचारली तर म्हणाले, "दे तुले जे वाटते ते. माह्याकडं उंदरंच वाजवतेत तिले." उंदरांनी पिशवी कुरतडली होती, वायरी सुदैवाने शाबूत होत्या.

पहिली गोष्ट कोणी सांगत नाही ती स्क्रूची. जुन्या जपानी वस्तूंचे चौफुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स पेचकसाला नीट बसत नाहीत. ते जपानी मापाचे, जेआयएस. दिसायला सारखेच, पण जोर लावला की फिलिप्सचं टोक वर निसटतं आणि स्क्रूचं तोंड खराब होतं. गावातल्या मोटरसायकल मिस्त्रीकडे कार्बोरेटरसाठी ठेवलेला पेचकस होता, तो अचूक बसला. साठ वर्षांत न हललेले स्क्रू त्याने एकामागोमाग एक सुटले. तेव्हापासून मिस्त्री ओळखीच्या लोकांना सांगतो की गिटारही त्याच्याकडे सर्व्हिसिंगला येते.

नेकजवळचा पिकअप मुका होता. मल्टीमीटरला काहीच रीडिंग नाही, म्हणजे वेटोळ्याची तार कुठेतरी तुटलेली. शेजारी मोटरपंप रिवाइंड करणाऱ्याचं दुकान आहे, पण पिकअपची तार केसापेक्षाही बारीक आणि त्याच्याकडची सगळ्यात बारीक तार पंख्याची. तिने वेटोळं पूर्वीसारखं होणं शक्य नव्हतं. म्हणून आधी झाकणाच्या पत्र्याचे कान हळूच उचलून आत पाहिलं. तार वेटोळ्यात नाही, बाहेरच्या जाड वायरला जोडते तिथे, डाकापाशीच तुटली होती. जुन्या पिकअपमध्ये बऱ्याचदा असंच असतं, तेव्हा रिवाइंडिंगचा खर्च करण्याआधी तिथे नक्की बघा. बाहेरचा वेढा सोडवला, टोकावरचं इनॅमल कावियाने जाळलं, डाक दिला. मीटर पाच किलोओहमच्या आसपास थांबला. रात्रीचे अकरा वाजले होते, तरी घरच्यांना उठवून ऐकवलं. त्यांनी फार उत्साह दाखवला नाही.

बाकीची वायरिंग झटपट झाली. कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, एक बदलावा लागला, जॅक नवा घेतला. चाव्यांचे गियर डिझेलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब थेंब दिला. ब्रिजपासून निघणारी अर्थची वायर तुटलेली होती, ती मात्र जपून जोडली. त्याचं कारण पुढे येईल.

खरा वेळ फ्रेट आणि नेकने खाल्ला. या नेकमध्ये आत पोलादाची पट्टी आहे, पण फिरवता येणारा ट्रस रॉड नाही. म्हणजे बाक आला तर किल्ली फिरवून सरळ करण्याची सोय नाही. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटपाशी फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरेल इतकी ठीक. माझी त्याहून जास्त होती. उपाय दोन: हलक्या तारा, आणि नेकच्या बुडाशी पातळ पाचर देऊन कोन बदलणं (याने बाक जात नाही, तारांची उंची तेवढी उतरते). दहा नंबरऐवजी नऊ नंबरचा, बारीक तारांचा सेट लावला, ताण कमी झाला, फट बरीच भरली. मग फ्रेटवर मार्करने शाई लावून, फ्रेटखालच्या लाकडी फळ्यावर टेप चिकटवून सपाट कानशीने लेव्हल केलं आणि माथे पुन्हा गोल केले. माथे गोल करायची खास कानस ऑनलाइन मागवली. साध्या कानशीने करू म्हणणाऱ्यांनी आधी भंगारातल्या नेकवर हात बसवावा.

फळ्याला मी जवसाचं तेल लावतो, घाणीवरचं, खायचंच. दोन थेंब फडक्यावर, घासायचं आणि कोरडं पुसायचं, वर्षातून एकदोनदा. जवसाचं तेल हवेत सुकतं, म्हणून जाड थर दिला तर चिकट राळ होते. आणि ते फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा.

गावच्या वाढईने चपड्याचं पॉलिश मारून देतो म्हटलं. हात चांगला आहे त्याचा, खुर्च्या आरशासारख्या करतो. मी नको म्हटलं. रंग उडालेली जागा आवाज बिघडवत नाही. पैसा तार, फ्रेट, डाक आणि अर्थिंग यांवर लावायचा. मनगट घासून लाकूड उघडं पडलं तिथे हात छान बसतो, शिवाय जुनी फिनिश काढली की विकताना किंमत उतरते.

आता सीझन. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांबरोबर नाटकं सुरू होतात. मंच शेतात, वीज कधी लाइनची, कधी जनरेटरची. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा पिकअप गुणगुणतो, त्याला इलाज नाही. आत तांब्याची फॉइल लावल्यावर लाइटच्या डिमरची चरचर पुष्कळ कमी झाली. पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची ५० हर्ट्झची घूं फॉइलने अडत नाही. त्यासाठी बसण्याची दिशा बदलायची. प्रत्येक मंचावर एक कोन सापडतो जिथे ती जवळजवळ मरते, मी खुर्ची तशीच लावतो.

अर्थिंगचं मात्र गमतीवर नेऊ नका. तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमचा हात ॲम्पच्या बॉडीला जोडलेला असतो. ॲम्पमध्ये लिकेज आणि बोर्डाला अर्थ नाही, असं जमलं की माइकला ओठ लागताच झटका. मी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवलेला स्वतःचा बोर्ड नेतो आणि आधी टेस्टर लावतो. साउंडवाले हसतात, हसू देत.

सुराचं म्हणाल तर थंडीत तारा आकसतात, सूर चढतो. लाइट तापले की उतरतो. पडदा उघडण्याआधी निदान अर्धा तास गिटार मंचावर ठेवून मग ट्यून करावी. आणि ट्यूनरवर ४४० हर्ट्झचा ठरलेला सूर बघून उपयोग नाही, नाटक कंपनीचा ऑर्गन जिथे असेल तिथे जायचं. झिरो फ्रेट असल्याने मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज सारखा येतो. गाणाऱ्याने ऐनवेळी पट्टी बदलली की याचा फार उपयोग होतो.

उन्हाळा जड गेला. आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, हवा कोरडीठाक. फळा रुंदीला आकसला आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन तळहाताला टोचू लागली. बारीक कानशीने घासली. ब्रिज सुटा असल्याने बाराव्या फ्रेटचा सप्तक पुन्हा जुळवावा लागला. पावसाळ्यात उलट त्रास: तारा गंजतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, वाजवून झालं की तारा पुसल्या, तरी सेट लवकर जातोच.

न जमलेलं एक राहिलंय: ट्रेमोलोचा (सूर खालीवर हलवायचा) दांडा हलवला की तार जागेवर परत येत नाही. नटच्या खाचेत पेन्सिलचं शिसं घासून थोडा फरक पडला, पण भरवसा नाही. दांडा काढून ठेवलाय, स्प्रिंग घट्ट केलीय. तमाशाच्या ढंगाची गाणी असली की तो हवासा वाटतो, तेव्हा बोटाने तार ओढून भागवतो.

घ्यायची झाली तर नेक बघा, बाकी सगळं दुरुस्त होतं. नेकला पीळ पडला असेल तर फुकट मिळाली तरी पिकअपपुरतीच घ्या.