ऑस्ट्रेलियातले कॅसिनो: सहा महिन्यांच्या वापरानंतर, खेळ, जेवण आणि मुक्काम

ऑस्ट्रेलियातला कॅसिनो हॉटेलच्या फोटोंवरून निवडायचा नसतो. परवाना राज्य सरकार देते आणि बहुतेक शहरांत एकच कॅसिनो असतो. मेलबर्न, सिडनी आणि पर्थचे क्राउन कॅसिनो २०२२ पासून ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे, म्हणजे एकाच मालकाचे आहेत, तरी आतले नियम इतके वेगळे की तीन वेगळ्या देशांत आल्यासारखे वाटावे. म्हणून आधी राज्याचा कायदा, मग टेबल, मग खोली या क्रमाने बघावे. गोव्यातल्या मांडवीवरच्या बोटींचा हिशेब डोक्यात ठेवून जाणाऱ्यांसाठी एवढेच, की तिथे वय २१ लागते आणि प्रवेशाच्या पैशांत खाणेपिणे धरलेले असते. इथे वय १८, सिडनीतला एक फक्त सदस्यांचा कॅसिनो सोडला तर प्रवेश सगळ्यांना आणि फुकट, पण बिअरपासून बुफेपर्यंत सगळे वेगळे बिल.

मेलबर्न

यारा नदीकाठी साउथबँकला १९९७ पासून असलेले हे क्राउनचे संकुल देशातले सर्वात मोठे. परवान्यात २,६२८ पोकर मशीन, म्हणजे बटण दाबून चित्रे जुळवायची जुगारयंत्रे, आहेत. तिकडे या मशीनना सगळे ‘पोकी’ म्हणतात आणि पोकर या पत्त्यांच्या खेळाशी त्यांचा काही संबंध नाही. २०२१च्या चौकशी आयोगाने क्राउनला परवान्यासाठी अपात्र ठरवले, सरकारने वर देखरेखीला खास व्यवस्थापक बसवला आणि मार्च २०२४ मध्ये परवाना कायम राहिला. या सगळ्याचा पर्यटकाला जाणवणारा परिणाम म्हणजे कार्ड. डिसेंबर २०२३ पासून इथली पोकी कार्डाशिवाय चालत नाही. डेस्कवर पासपोर्ट दाखवायचा, किती वेळ खेळणार आणि किती पैसे घालवायची तयारी आहे याची मर्यादा नोंदवायची, कार्ड घ्यायचे, मग मशीन सुरू. हे काम दुपारीच उरकून घ्या, शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी रांग लागते. पासपोर्टची मोबाइलवरची छायाप्रत चालेल या भरवशावर जाऊ नका.

आता टेबलांकडे, कारण पैसे खरे इथेच वाचतात किंवा जातात. रूलेटच्या चाकावर हिरवे, म्हणजे शून्याचे, खण किती आहेत ते बसण्याआधी मोजा. एक शून्य असेल तर लावलेल्या पैशांत कॅसिनोचा सरासरी वाटा २.७० टक्के, दोन असतील तर ५.२६, तीन असतील तर ७.६९. खेळ दिसायला तोच, बक्षीसही तेच ३५ला १. तासाला ३५ फेऱ्या आणि दर फेरीला १० डॉलर धरले, तर सरासरी तोटा पहिल्या चाकावर साडेनऊ डॉलर, दुसऱ्यावर साधारण साडेअठरा आणि तिसऱ्यावर सत्तावीसच्या आसपास. कमी रकमेच्या टेबलांवर जास्त शून्यांची चाके आणि एका शून्याच्या चाकावर किमान बोली जास्त, अशी विभागणी असते. म्हणजे ‘स्वस्त टेबल’ हे बरेचदा स्वस्त नसतेच. स्क्रीनवरच्या रॅपिड रूलेटमध्ये बोली लहान लावता येते, पण तिथे चाकाभोवती चिप्स गोळा करत बसायला वेळ जात नाही, फेऱ्या भराभर होतात आणि तासाचा हिशेब फिरून तिथेच येतो.

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज २१च्या जवळ न्यायची, २१ ओलांडली की ‘फुटलात’, आणि पहिल्या दोन पत्त्यांतच २१ आले की तो ‘ब्लॅकजॅक’. या टेबलावर कापडावर छापलेली ओळ वाचा. ‘३ला २’ असेल तर १० डॉलरच्या बोलीवर ब्लॅकजॅक लागल्यास १५ मिळतात, ‘६ला ५’ असेल तर १२. ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत एकदा येतो. तासाला ६० हात धरले तर या एका ओळीपायी आठ-नऊ डॉलर जातात. आणखी एक प्रकार आढळतो, ज्यात डीलरची, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याची, बेरीज २२ झाली तरी तो हरत नाही, बरोबरी धरतात. एकाने वाढलेला हा आकडा दिसायला क्षुल्लक, पण डीलर फुटण्याच्या प्रत्येक वेळेवर जगणाऱ्या खेळाडूचा कणाच मोडतो. ते टेबल सोडून द्या. बाजूची ‘परफेक्ट पेअर्स’ची बोली, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांची जोडी लागेल यावरचा सट्टा, मोहक असतो, पण मूळ खेळापेक्षा कितीतरी महाग.

बॅकरा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेयर’ या दोन बाजूंपैकी कोण जिंकेल यावर बोली लावतात. बँकरवर कॅसिनोचा वाटा १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४ आणि टायवर, म्हणजे बरोबरीवर, तब्बल १४ टक्क्यांच्या वर. एरवी बँकर जिंकला की कॅसिनो कमिशन कापतो, पण ‘कमिशन नाही’ असा फलक दिसला की खूश होऊ नका. तिथे बँकर ६वर जिंकला की निम्मेच पैसे मिळतात आणि वाटा १.४६वर जातो. कमिशन परवडले.

पोकीबद्दल एक गैरसमज मराठी मंडळींमध्येही मुरलेला दिसतो, की व्हिक्टोरियात मशीनने किमान ८७ टक्के परत द्यायचे असते, म्हणजे १०० घातले की ८७ येतातच. हे प्रमाण मशीनच्या दीर्घ वापरावरचे आहे, तुमच्या एका संध्याकाळचे नव्हे. शिवाय परत आलेले पैसे पुन्हा आत जातात. एका डॉलरची फेरी, मिनिटाला १० फेऱ्या आणि १० टक्के वाटा असे धरले तरी तासाला ६० डॉलर होतात. एका शून्याच्या रूलेटवर १० डॉलर लावणाऱ्याच्या सहापट. आयोगाने सलग तीन तासांनंतर १५ मिनिटांची सक्तीची विश्रांती आणि २४ तासांत जास्तीत जास्त १२ तास खेळ अशी शिफारस केली होती. ती कशासाठी, हे या गुणाकारावरून कळते.

खेळाच्या वेळी डीलरला टीप देऊ नका, त्यांना ती घेता येत नाही. टेबलावर फोन वापरलेला चालत नाही. फोटो तर नाहीच. रबरी चपला आणि बिनबाह्यांचे शर्ट घालून आलेल्यांना संध्याकाळनंतर दारातूनच परत पाठवतात.

मुक्कामाला तीन हॉटेले आहेत. टॉवर्स सर्वात महाग आणि नदीकडची खोली देखणी, पण काठावरच्या खांबांतून रात्री तासातासाला आगीचे लोळ सोडतात आणि खालच्या मजल्यांवर त्याचा धडाका ऐकू येतो. हलकी झोप असेल तर वरचा मजला किंवा शहराकडची बाजू मागा. वारा जोराचा असला किंवा आगबंदीचा दिवस असला की तो खेळ बंद असतो. मेट्रोपोलचा पोहण्याचा तलाव २७व्या मजल्यावर आहे आणि तीनपैकी पैसे वसूल होतात ते इथेच. प्रॉमनाड रस्त्यापलीकडे असले तरी पुलाने जोडलेले आहे आणि पावसात भिजावे लागत नाही. विमानतळावरून स्कायबसने सदर्न क्रॉस, तिथून १०-१२ मिनिटे चाल. ट्रामने जाताना एक चूक सगळेच करतात: शहराच्या मध्यात ट्राम फुकट असते, पण कॅसिनोचा थांबा त्या हद्दीबाहेर येतो. मायकी हे तिथले प्रवासाचे कार्ड लावायला विसरू नका, तिकीट तपासनीस तिथे सापडतातच.

जेवणात नोबू आणि रॉकपूल ही मोठी नावे आहेत. शाकाहारी माणसाने नोबूत नीट विचारून मागवले तर पोट भरते, मात्र ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की तिकडे अंडे धरलेलेच असते, आणि आशियाई पदार्थांत फिश सॉस, ऑयस्टर सॉस किंवा चिकनचे पाणी लपलेले असू शकते. ‘अंडे नको, मासे नकोत, सॉस कुठला’ हे तीन प्रश्न बुकिंग करतानाच विचारा. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बऱ्याच ठिकाणी बिलात अधिभार येतो, कार्डाने पैसे दिले तर त्याचा आणखी थोडा.

पर्थ

पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात पोकी फक्त पर्थच्या क्राउनमध्ये आहेत, पबमध्ये किंवा क्लबमध्ये नाहीत. गोल फिरणाऱ्या चक्रांचे नेहमीचे मशीन तर या राज्यात बंदच, त्यामुळे इथली मशीन दिसायला वेगळी. उलट न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, कोपऱ्यावरच्या पबातही पोकी असते, तेव्हा तिथे निव्वळ पोकीसाठी कॅसिनो गाठण्यात अर्थ नाही.

बर्सवुडचा हा कॅसिनो १९८५चा, टॉवर्स हॉटेल २०१६चे आणि आवारातले पोहण्याचे तलाव सगळ्यांत मोकळे. ऑप्टस स्टेडियम अगदी शेजारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताने २९५ धावांनी जिंकलेली कसोटी तिथलीच. सामन्याच्या आठवड्यात खोल्यांचे दर चढतात, आणि सामना सुटल्यावर बर्सवुड परिसरात टॅक्सी मिळणे कठीण. मॅटागरप पुलावरून पूर्व पर्थला चालत गेलेले बरे. एरवीच्या मंगळवार-बुधवारी मात्र इतक्या मोठ्या आवाराचा मुक्काम पर्थइतका निवांत कुठेच मिळत नाही.

सिडनीत दोन

पिर्मंटच्या स्टारमध्ये सामान्य माणसाला जाता येते आणि पोकीही आहेत. २०२४ पासून इथे कार्डाशिवाय खेळ नाही आणि रोख रकमेवर दिवसाची मर्यादा आली, सुरुवातीला ५,००० डॉलरची. सोक्यो हे जपानी रेस्टॉरंट इथले सर्वोत्तम. मुक्कामाला डार्लिंग हे हॉटेल शांत, ग्रँड गजबजलेले. एक सावधगिरी: स्टार समूहाच्या आर्थिक अडचणी जाहीर आहेत आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या बॅलीज कंपनीने त्यात भांडवल घातले. सदस्यत्वाचे गुण साठवून ठेवू नका, मिळाले की जेवणात खर्च करून टाका.

बारांगारूचे क्राउन वेगळ्याच जातीचे. २७१ मीटरचा मनोरा, हॉटेल २०२०च्या डिसेंबरात उघडले, जुगाराचे दालन २०२२च्या ऑगस्टमध्ये. एकही पोकी नाही. दालनात फक्त सदस्य, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत आत सोडत नाहीत. दोन दिवसांच्या सहलीत हे जमवायचा हट्ट सोडा आणि इथे नुसते जेवा. रेस्टॉरंट आणि हॉटेल सगळ्यांना खुले आहेत. बंदराकडची खोली महाग आहे, पण या यादीत केवळ खिडकीसाठी जास्त पैसे द्यावेत अशी ती एकच. आणि घरच्यासारखे पोहे-मिसळ नाही तरी निदान भारतीय जेवण हवे झाले तर रेल्वेने हॅरिस पार्क गाठा, कॅसिनोतल्या ‘करी’च्या नादी लागू नका.

ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट

ब्रिस्बेनचा जुना ट्रेझरी कॅसिनो ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला आणि त्याच आठवड्यात क्वीन्स वॉर्फला नवा स्टार उघडला. जुन्या लेखांतले पत्ते वापरू नका. वरचा स्काय डेक आणि नेव्हिल बॉनर पुलावरून साउथ बँकला जाणारी पायवाट हीच इथली कमाई आहे, खेळात नवे काही नाही. गोल्ड कोस्टचा स्टार ब्रॉडबीचला, ट्रामच्या वाटेवर. मुलेबाळे बरोबर असतील तर क्वीन्सलँडमध्ये हा निवडा, समुद्र जवळ आहे.

अॅडलेड आणि बाकीचे

अॅडलेडचा कॅसिनो रेल्वे स्टेशनच्याच जुन्या इमारतीत आहे, नॉर्थ टेरेसवर. सगळ्या देशात इतक्या सोयीची जागा नाही: खाली गाड्या, दारात शहरापुरती फुकट ट्राम, आणि पादचारी पुलापलीकडे अॅडलेड ओव्हल. इऑस हॉटेलमध्ये १२० खोल्या, त्यामुळे कसोटीच्या दिवसांत पटकन भरते.

होबार्टचा रेस्ट पॉइंट हा देशातला पहिला कायदेशीर कॅसिनो, १० फेब्रुवारी १९७३चा. खोल्यांवर वय दिसते. पण १७व्या मजल्यावरच्या फिरत्या रेस्टॉरंटमधून डरवेंट नदी बघत जेवणे हा ताटाच्या किमतीत मिळणारा देखावा आहे. केर्न्सच्या रीफ कॅसिनोच्या छतावर काचेच्या घुमटाखाली प्राणिसंग्रहालय आहे, आणि प्रवाळाकडे जाणाऱ्या बोटींचा धक्का जवळ असल्याने पहाटे निघणाऱ्यांना हे हॉटेल सोयीचे. डार्विनच्या मिंडिल बीचला कोरड्या मोसमात गुरुवारी आणि रविवारी भरणारा सूर्यास्ताचा बाजार तिथल्या कॅसिनोतल्या जेवणापेक्षा सरस.

कॅनबेराच्या कॅसिनोत पोकी नाहीत. शेजारच्या क्राउन प्लाझा हॉटेलचा क्राउन समूहाशी काडीचा संबंध नाही. घाईत एकाऐवजी दुसरे बुक होते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. तो बघून घ्या.

पैशांचे

खोली घेताना भाड्याव्यतिरिक्त अनामत रक्कम कार्डावर अडकवतात. डेबिट कार्ड दिले तर ती मोकळी व्हायला बँकेचे कित्येक दिवस जातात, तेवढ्या काळात पुढच्या शहरातले भाडे भरायला पैसे उरत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, आणि डेबिट खेळापुरते वेगळे ठेवा. १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिकचा रोख व्यवहार कॅसिनो सरकारला कळवतो. तितकी रोकड घेऊन देशात येता-जाताना जाहीर करावी लागते. हौशी खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर ऑस्ट्रेलिया कर घेत नाही, परंतु भारताचे रहिवासी असाल तर भारतात ती रक्कम दाखवून ३० टक्के कर आणि उपकर भरावा लागतो, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. खेळ आवरेनासा झाला तर तिथला १८०० ८५८ ८५८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि स्वतःलाच प्रवेशबंदी करून घेण्याचा अर्ज प्रत्येक कॅसिनोत मिळतो.

तारखा ठरवताना मेलबर्नचे जानेवारीतले टेनिस, मार्चमधली मोटार शर्यत, सप्टेंबरअखेरचा फुटबॉलचा अंतिम सामना आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची घोड्यांची शर्यत टाळा. त्या रात्री प्रॉमनाडची साधी खोली एरवीच्या टॉवर्सच्या भावात जाते.