'हार्मोन नाही, साइड इफेक्ट नाही' म्हणत विकलेलं लेझर पॅकेज

पाळी गेल्यावर काही वर्षांनी योनीमार्ग कोरडा पडतो, आग होते, लघवीला सारखं जावं लागतं, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की धास्ती वाटते. हे बोलायचं कुणाजवळ? नेमकं तिथेच यावर लेझरचं पॅकेज विकणाऱ्या मंडळींचं दुकान चालतं. ठाण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकने यासाठी माझ्याकडून सव्वा लाख रुपये आगाऊ घेतले.

तिथे डॉक्टरच्या आधी 'काउन्सेलर' भेटते. "मॅडम, हार्मोनचं क्रीम लावाल तर कॅन्सर होईल. आमचं नॉन-हार्मोनल आहे, रिजनरेटिव्ह. लेझरने आतली त्वचा नवी होते, वर तुमच्याच रक्तातलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव. मशीन एफडीए अप्रूव्ह्ड आहे." तीन सिटिंगचं पॅकेज, आजच पैसे भरले तर पीआरपी फुकट. आतून तपासणी नाही, लघवीची तपासणीसुद्धा नाही. लेझर मारणाऱ्या बाईंची पदवी काय, हे विचारल्यावर "आमच्या सीनियर आहेत" एवढंच उत्तर.

दुसऱ्या सिटिंगनंतर बसवेना इतकी आग झाली, रक्ताचे डाग दिसले. फोन केला की "हीलिंग चालू आहे". तिसरं झाल्यावरही कोरडेपणा होता तसाच, आणि त्यांनी वेगळ्या पैशांचं 'बूस्टर' सुचवलं!

मग वहिनींनी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. अप्रूव्ह्ड या शब्दाची मेख त्यांनी उलगडून सांगितली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, अशा लेझर यंत्रांना परवानगी दिली होती ती गर्भाशयमुख किंवा योनीमार्गातल्या बिघडलेल्या पेशी आणि चामखिळी काढण्यासारख्या कामांसाठी. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणासाठी नव्हे. उलट जुलै २०१८ मध्ये त्याच एफडीएने असल्या जाहिरातबाजीविरुद्ध जाहीर इशारा दिला; भाजणं, व्रण पडणं, संबंधाच्या वेळी दुखणं, कायमची वेदना राहणं हे सगळं त्यात नमूद आहे. म्हणजे ज्या नावाने माल विकला, त्याच संस्थेने त्याबद्दल बजावलं होतं. ऑस्ट्रेलियात सिडनीला ८५ महिलांवर नीट चाचणी झाली, काहींना खरं लेझर आणि काहींना नुसतं नावापुरतं. महिन्याच्या अंतराने तीनदा. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. २०२१ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. पीआरपीबद्दल तर या त्रासासाठी एवढाही भक्कम पुरावा नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

आणि ज्या क्रीमची भीती घातली ते? योनीमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा रक्तात फारच थोडा अंश उतरतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. हार्मोन नकोच असेल तर नियमित वापरायचं मॉइश्चरायझर, हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं जेल आणि संबंधाच्या वेळी ल्युब्रिकंट, हे औषधांच्या दुकानात मिळतं. लाखाची गोष्टच नाही. मला डॉक्टरांनी आधी जखम भरू दिली, मग क्रीम सुरू केलं.

पैसे परत मागितले तेव्हा कळलं की बिलावर 'स्किन रिजुव्हनेशन' लिहिलंय. आजाराचं नाव कुठेच नाही. इंग्रजीत सही घेतलेल्या फॉर्मवर परतावा मिळणार नाही, हे बारीक अक्षरात. कुणाला असं पॅकेज देऊ केलं असेल तर पैसे भरायच्या आधी आजाराचं आणि यंत्राचं नाव, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हे कागदावर मागा. तिथेच निम्मे लोक चुळबुळ करायला लागतात. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.

माझी तक्रार दाखल झाली आहे. क्लिनिकचं उत्तर आलं: ही सौंदर्यविषयक सेवा होती, कुठल्याही त्रासातून आराम पडेल असं आम्ही म्हटलंच नव्हतं. काउन्सेलरचा 'शंभर टक्के रिझल्ट' लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी तक्रारीला जोडलाय.