रक्तदाबासाठी लघवीची गोळी: थायझाइड की लूप?

रक्तदाबासाठी लघवीची गोळी सुरू करायची म्हटलं की बहुतेकांना वाटतं, जी जास्त लघवी करवते ती जास्त गुणकारी. लघवीपुरतं ते खरं आहे, रक्तदाबाच्या बाबतीत मात्र बहुधा उलटंच. निवडीची गोम इथेच आहे.

किडनी दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळते आणि जवळजवळ सगळं परत शोषून घेते. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड ही लूप गटातली औषधं जिथे काम करतात, तिथे गाळलेल्या सोडियमचा सुमारे चौथा हिस्सा परत शोषला जातो. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या थायझाइड गटातल्या औषधांच्या वाट्याला येतं जेमतेम 5 टक्के. तरी रक्तदाबात हीच सरस, कारण फ्युरोसेमाइडचा जोर सहाएक तासांत ओसरतो आणि उरलेल्या दिवसात किडनी गेलेलं मीठ भरून काढते. क्लोरथॅलिडोनला शरीरातून निम्मं उतरायलाच 40 ते 60 तास लागतात. शिवाय काही आठवड्यांनी लघवी पूर्ववत होते, तरी रक्तदाब उतरलेलाच राहतो. तेव्हा 'लघवी वाढली नाही, म्हणजे गोळी लागू पडत नाही' असं समजून ती बंद करू नका.

किडनी धड असेल आणि तक्रार फक्त रक्तदाबाची असेल, तर माझं मत सरळ थायझाइड गटाकडे. त्यातही हायड्रोक्लोरोथायझाइडवर रक्तदाब ताब्यात असेल तर क्लोरथॅलिडोनवर जायची घाई नको. 2022 साली या दोघांची थेट तुलना झाली, तेव्हा हृदयविकार टाळण्यात फरक दिसला नाही. पोटॅशियम मात्र क्लोरथॅलिडोनने जास्त जणांचं घटलं. गाउटचा (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचा) त्रास असणाऱ्यांनी ते आधीच सांगावं, या गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं.

किडनी खालावलेली असेल तर प्रश्न अवघड होतो. जीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा आकडा, 30 च्या खाली गेला की थायझाइड निरुपयोगी, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 2021 च्या एका चाचणीत जीएफआर 15 ते 29 असलेल्यांना क्लोरथॅलिडोन दिलं, तर 12 आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी 11 अंकांनी उतरला. पण क्रिएटिनिनही (किडनीचं गाळणं कमी झालं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) वाढलं, आणि आधीच लूप घेणाऱ्यांत तो धोका जास्त दिसला. म्हणून पायांवर सूज, धाप असेल तर लूप हवंच. त्यात टॉर्सेमाइडचा परिणाम जास्त वेळ टिकतो आणि पोटातून शोषणही भरवशाचं. सूज नाही, नुसता रक्तदाब हटत नाही, तर थोड्या डोसचं क्लोरथॅलिडोन, तेही रक्ततपासणीच्या पहाऱ्यात.

क्रिएटिनिन थोडं चढलं की 'गोळीने किडनी खराब केली' अशी धास्ती बसते. बऱ्याचदा गाळणीतला दाब उतरल्यामुळे ते वाढतं आणि पुढे स्थिरावतं. खरा घात होतो तो जुलाब-उलट्यांत पाणी कमी पडलेलं असताना गोळी चालूच ठेवल्याने, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीच्या जोडीला आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेतल्याने. अशा वेळी गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

स्पायरोनोलॅक्टोन या वेगळ्या गटातल्या लघवीच्या गोळीचा पर्याय पुढचा, तीन औषधांनीही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तेव्हाचा. तिथे ते छान काम करतं. पुरुषांत कधी छाती सुजते, दुखते. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम चढतं. ते चढलेलं अनेकदा जाणवतही नाही आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, त्यामुळे सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच रक्त तपासावं लागतं.