दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा: आठ महिने आणि तीन फेऱ्यांनंतर

मुलं जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये स्थायिक आहेत आणि आई-वडील वर्षातून दोनदा तरी जातात, अशी घरं आता पुण्या-मुंबईत जागोजागी आहेत. दर वेळी नवा अर्ज, अपॉइंटमेंटचा नवा स्लॉट, नवी फी हा जाच दोन वर्षांच्या मल्टिपल एंट्री (कितीही वेळा आत-बाहेर करता येणाऱ्या) शेंगेन व्हिसाने संपतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. फी एकदाच, प्रौढांना ९० युरो (जून २०२४ पासून, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५), शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. पैसे वसूल होतात यात शंका नाही. पण 'दोन वर्षं' या शब्दांनी जेवढे घोटाळे होतात तेवढे नकारामुळेही होत नसतील. व्हिसा दोन वर्षांचा असतो, मुक्काम दोन वर्षांचा नसतो. हा सगळा मजकूर त्या फरकाबद्दलच आहे.

आधी मिळतो कसा ते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळा नियम केला. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळाले असतील आणि ते नियमात राहून वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो. त्यानंतरचा सहसा पाच वर्षांचा, पण पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तरच. इथेच बरेच जण अडकतात. पासपोर्टला वीस महिने उरले असताना दोन वर्षांचा व्हिसा मागण्यात अर्थ नाही. आधी पासपोर्ट नवा करा, मग अर्ज. नवा करतानाच ६० पानी घ्या. ३६ पानीला १५०० आणि ६० पानीला २००० रुपये, म्हणजे फरक फक्त पाचशेचा. जुना पासपोर्ट मात्र अर्जासोबत जोडायचाच, कारण आधीचे दोन व्हिसे त्याच्यावर असतात आणि तेच तुमचं भांडवल.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला नियमाप्रमाणे १५ दिवस, पण ते ४५ पर्यंत ताणू शकतात. एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी मार्चमध्ये स्लॉट शोधत बसणं म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालय शोधणं. फॉर्ममध्ये किती एंट्री हव्यात हा रकाना असतो, तिथे 'मल्टिपल' निवडायचं. शिवाय कव्हर लेटरमध्ये एक साधा परिच्छेद हवा: आधीचे दोन व्हिसे कोणत्या देशाचे, कोणत्या तारखांचे, आणि पुढच्या दोन वर्षांत पुन्हा का जायचंय. तारखा आणि तिकीट मात्र पहिल्याच फेरीचं द्यायचं. फॉर्मही पहिल्या मुक्कामाच्याच तारखा विचारतो.

बँकेच्या स्टेटमेंटबद्दल एकच सांगणं. ठेव मोडून अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात चार लाख भरू नका. ठेव ठेव म्हणूनच दाखवा, पावतीची प्रत जोडा. खात्यात पेन्शन किंवा पगार नियमित येताना दिसला की पुरतं. बायकांच्या नावांचा गुंता आपल्याकडे जास्त असतो. फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात, तिथे माहेरचं लिहायचं. लग्नात नावच बदललं असेल आणि जुनी कागदपत्रं त्या नावाची असतील, तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवा. आणि विमा पॉलिसीवरचं नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखं हवं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव पासपोर्टात आहे आणि पॉलिसीत नाही, हे फार वेळा होतं.

पासपोर्ट हातात आला की केंद्राच्या दारातच स्टिकर वाचा. चार ओळी महत्त्वाच्या. पहिली, कुठे चालतो: तिथे शेंगेन देश असं लिहिलेलं असतं, कधी जर्मन तर कधी फ्रेंच भाषेत. दुसरी, कधीपासून कधीपर्यंत. तिसरी, एंट्री किती: तिथे 'मल्ट' (MULT, म्हणजे मल्टिपल) हवं. चौथी, मुक्कामाचे दिवस: तिथे ९०. दुसऱ्या ओळीतल्या तारखा दोन वर्षांच्या, चौथ्या ओळीतले दिवस नव्वदच, आणि दोन्ही अटी एकाच वेळी लागू. शेवटच्या तारखेला व्हिसा संपला की नव्वदपैकी चाळीस दिवस उरले असले तरी ते गेले; त्या तारखेला तुम्ही बाहेर पडलेले असायला हवं.

आता हिशेब. नियम असा की कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस. हे १८० दिवस कॅलेंडरचे सहा महिने नसतात आणि व्हिसा सुरू झाल्या तारखेपासूनही मोजत नाहीत. तुम्ही तिथे असलेल्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस बघायचे आणि त्यात किती दिवस शेंगेनमध्ये होतात ते मोजायचं. पोचल्याचा दिवस धरतात, निघाल्याचाही धरतात.

सोपं उदाहरण: १ मार्चला पोचलात आणि सलग राहिलात, तर नव्वदावा दिवस २९ मे. 'तीन महिने' समजून ३१ मेचं तिकीट काढलं की दोन दिवस जास्त. पुन्हा प्रवेश २८ ऑगस्टला, कारण त्या दिवशी १ मार्च मोजणीतून बाहेर पडतो. अवघड उदाहरण हे: लीप नसलेल्या वर्षी १० जानेवारी ते ८ फेब्रुवारी अशी तीस दिवसांची फेरी झाली. परत आलात, १ मेला पुन्हा गेलात. आता किती दिवस? जानेवारीचे तीस दिवस ८ जुलैपर्यंत पूर्णपणे मोजणीत राहतात. उरले साठ. १ मेपासून साठावा दिवस २९ जून. बहुतेक जण २९ जुलैचं तिकीट काढतात, आणि नातवाचा वाढदिवस जुलैत असेल तर हमखास काढतात. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी मोफत कॅल्क्युलेटर आहे, त्यात प्रत्येक फेरीच्या तारखा टाकायच्या. आम्ही मात्र कागदावरही लिहून ठेवतो, कारण तिकीट एजंट हा हिशेब करून देत नाही.

मध्यरात्रीच्या विमानांकडे लक्ष ठेवा. विमान रात्री साडेबाराचं असेल आणि इमिग्रेशन तुम्ही अकराला पार केलं, तर निघण्याचा दिवस आदला धरला जातो. रांगेत बारा वाजून गेले तर दुसरा. हिशेब अगदी काठावर आणू नये तो यासाठी. निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवा.

पूर्वी हे शिक्क्यांवर चालायचं आणि पुसट शिक्का वाचायचा कंटाळा अधिकाऱ्यालाही असायचा. ते दिवस गेले. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्ण करायची तारीख ठरवली. यंत्रावर पासपोर्टचं फोटोचं पान ठेवायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं. व्हिसा असलेल्यांचे बोटांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात, त्यामुळे इथे ते नव्याने साठवत नाहीत, फक्त ताडून बघतात. बोटं कोरडी असतील तर दोन-तीनदा ठेवावी लागतात, ज्येष्ठांना हे होतंच. चिडू नका, ओल्या रुमालाने पुसून पुन्हा ठेवा. या व्यवस्थेत दिवस आपोआप मोजले जातात, म्हणजे जास्तीचा एक दिवसही दिसतो. आणि 'नियमात राहून वापरला' ही पुढच्या व्हिसाची अट असल्यामुळे तो एक दिवस पाच वर्षांचा व्हिसा घालवू शकतो.

रांगा लांबल्या आहेत हा या आठ महिन्यांतला खरा त्रास. पासपोर्ट तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे लिस्बनला चाललात तर तपासणी फ्रँकफर्टला. तिथे दीड तासाचं कनेक्शन कागदावर छान दिसतं. आमचं मत, तीन तासांच्या खाली जाऊ नका, आणि दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर घ्या.

दुसरा गैरसमज कागदांचा. व्हिसा आहे म्हणजे प्रवेश पक्का असं नसतं. सीमेवरचा अधिकारी प्रत्येक फेरीला विचारू शकतो: कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठाय, खर्चाचं काय. पहिल्या फेरीला जाडजूड फाइल नेणारे दुसऱ्या फेरीला नुसता पासपोर्ट घेऊन निघतात. मुलाकडे राहणार असाल तर त्याचं पत्र, त्याच्या रेसिडेन्स परमिटची प्रत, पत्त्याचा कागद आणि परतीचं तिकीट छापून हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. जर्मनीत मुलाने खर्चाची हमी घेतली असेल तर ती परदेशी नागरिक कार्यालयातून २९ युरो भरून मिळते; तिची मूळ प्रत अर्जाला लागते, आणि आणखी एक प्रत प्रवासासाठी काढून ठेवा. नेदरलँड्समध्ये निमंत्रणाच्या फॉर्मवरची सही तिथल्या नगरपालिकेत साक्षांकित करून घ्यावी लागते.

विम्यातही हीच फसगत. निदान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आजारपणासकट मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून. मल्टिपल व्हिसाच्या अर्जाला पहिल्या फेरीचाच विमा पुरतो, पण फॉर्मवर सही करताना तुम्ही लिहून देता की पुढच्या प्रत्येक फेरीला विमा घ्यावा लागतो हे मला माहीत आहे. ती ओळ कोणी वाचत नाही. वार्षिक पॉलिसी घेणार असाल तर एका फेरीला किती दिवसांची मर्यादा आहे ते बघा. मर्यादा ४५ दिवसांची आणि मुक्काम ८० दिवसांचा असेल तर उरलेले ३५ दिवस विनाविमा. साठीपुढच्यांना आधीच्या आजारांबद्दलचं कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. मधुमेह-रक्तदाब लपवून घेतलेली पॉलिसी हॉस्पिटलच्या बिलासमोर उभी राहत नाही.

पैशांचं थोडक्यात. युरोचं फॉरेक्स कार्ड बरं, पण स्वित्झर्लंड, चेकिया, हंगेरी, पोलंड, स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वे शेंगेनमध्ये असूनही त्यांचं चलन युरो नाही. तिथे युरो कार्डावर चलन बदलाचा आकार पडतो. कार्ड मशीनने 'रुपयात द्यायचे का' विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो नेहमी महाग पडतो. रोख १०,००० युरो किंवा जास्त असेल तर सीमेवर जाहीर करावी लागते.

आणि बॅग. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, पनीर घरीच. ताजी फळं-भाज्याही आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांनाच. त्यामुळे हापूसची पेटी नाही, कढीपत्ता नाही, कोथिंबीरही नाही. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, पापड यांना अडचण येत नाही, पण भाजणीचं पीठ घरगुती पिशवीत नेऊ नका. कोणी विचारलंच तर पांढरट पुडी म्हणजे काय हे समजावत बसावं लागतं. छापील लेबल असलेलं बंद पाकीट न्या. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि औषधाच्या शास्त्रीय नावासह. जर्मनीत स्वतःच्या वापरापुरती, जास्तीत जास्त तीन महिन्यांची चालतात.

आणखी एक फायदा सहज लक्षात येत नाही. चालू शेंगेन व्हिसावर भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळू शकतो. तिथले दिवस नव्वदांत धरत नाहीत आणि 'मल्ट' असल्याने पुन्हा शेंगेनमध्ये येता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचे व्हिसे वेगळे. रोमानिया आणि बल्गेरिया जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले, तेव्हा 'रोमानियात पंधरा दिवस काढून हिशेब वाचवू' ही जुनी युक्ती आता चालत नाही.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो लांबलेल्या रांगांसाठी. पुढचा अर्ज हा व्हिसा संपायच्या आधीच करता येतो, फक्त नव्याची सुरुवात जुन्याच्या शेवटानंतरची असते. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळे तेवढ्या काळात ते सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. बोर्डिंग पास मात्र फेकू नका. शिक्के बंद झाल्यावर, यंत्राची नोंद चुकली असं म्हणायची वेळ आली तर हातात दाखवायला तेवढंच उरतं.